मोबदला कोणाच्या हातात पडला?

कासारवाडी म्हटलं की कोणी नाशिक फाट्याचं नाव घेतं, कोणी लोकलच्या स्टेशनचं, आणि मार्च २०२२ पासून मेट्रोच्या स्टेशनचंही. गावाच्या कडेनं पवना वाहते आणि थोडं खाली दापोडीला मुळेला मिळते. पवनेवर मावळात धरण आहे, मुळेवर मुळशीत. दोन्ही धरणांखाली गावं गेली. पुढे कारखाने आले, वसाहती आल्या आणि नदीकाठची शेतंही गेली. 'आमचं काय काय गेलं' हे लिहून काढणारा एखादा तरी माणूस या पट्ट्यातल्या प्रत्येक गावात भेटतो. तो बहुधा निवृत्त कामगार असतो, नाहीतर शिक्षक. त्याच्या लिखाणाकडे कसं पाहायचं, यावरचा हा संवाद आहे. यातले मामा आणि भाची लेखाच्या सोयीसाठी घेतले आहेत. सत्याग्रह, आंदोलनं, कायदे आणि त्यांच्या तारखा मात्र नोंदलेल्या आहेत. मामा लेथवर टर्नर होते, आता गावाचा इतिहास लिहितात. भाची कॉलेजात इतिहास शिकवते. हस्तलिखित वाचून ती कल्याणहून कासारवाडीला आली आहे.

भाची: मामा, सगळं वाचलं. भाषा झकास आहे. नदीवरच्या मोटा, मळ्यातला भाजीपाला, खडकीच्या बाजाराला निघालेल्या गाड्या, सगळं डोळ्यांपुढे येतं. पण शीर्षक खटकलं. 'कासारवाडी : एका गावावरील अन्यायाचा इतिहास'.

मामा: मग काय नाव ठेवू? 'विकासाची वाटचाल'? तसली पुस्तकं कारखान्यांनी काढली ना आपापल्या रौप्यमहोत्सवाला, गुळगुळीत कागदावर. पहिल्या पानावर मालकाचा फोटो, दुसऱ्यावर मंत्र्याचा. जमीन कोणाची होती ते एकाही पानावर नाही. जणू आधी इथं माळरानच होतं.

भाची: ते खरंच आहे. स्वेन लिंडक्विस्ट नावाचा एक स्वीडिश लेखक होता. १९७८ साली त्यानं कामगारांसाठी एक पुस्तक लिहिलं. तो म्हणाला, जिथं उभे आहात तिथंच खणा. उदाहरणाला त्यानं सिमेंटचा धंदा घेतला. कारखान्याचा इतिहास मालकानं लिहवून घेतला तर त्यात कामगाराच्या फुप्फुसातली धूळ येत नाही. म्हणून आपल्या कामाचे तज्ज्ञ आपणच आहोत असं समजून कामगारांनी स्वतः तो शोधावा, असं त्याचं म्हणणं. तुम्ही करताय ते याच जातीचं काम आहे.

मामा: बघ! स्वीडनचा माणूस माझ्या बाजूनं आहे आणि सख्खी भाची नाही.

भाची: बाजूनं आहे म्हणूनच भांडतेय. चिंचवडला जा, मोरया गोसावींच्या समाधीवर पुस्तकं मिळतील, चापेकरांवर मिळतील. चाकणला १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यानं शाइस्तेखानाच्या फौजेपुढे दोनेक महिने संग्रामदुर्ग लढवला, त्यावरही मिळतील. पण साठ आणि सत्तरच्या दशकांत तलाठ्यानं चावडीवर लावलेल्या नोटिसा कोणी जपून ठेवल्या का? तुम्ही ठेवल्यात. तुमच्या पेटीत आहे तेवढा ऐवज आमच्या विद्यापीठात नसेल. माझी तक्रार पुढची आहे. तुमच्या पुस्तकात 'गाव' हा एकच माणूस आहे. गावाची जमीन गेली, गाव रडलं, गाव फसलं. गावात कोण कोण होतं?

मामा: गाव म्हणजे सगळे. आम्ही सगळेच गेलो ना!

भाची: सगळे सारखे गेले का? आधी माझ्या वडलांचं बोलू. तुम्ही सातव्या प्रकरणात लिहिलंय, 'मग बाहेरच्यांचे लोंढे आले'. माझे वडील त्या लोंढ्यात होते. बहात्तरच्या दुष्काळात उस्मानाबादेकडून एक ट्रंक घेऊन आले. तिकडे ते खडी फोडायला जात होते. इथं त्यांना कंपनीची टोपी मिळाली, ईएसआयचं कार्ड मिळालं, पहिल्यांदा महिन्याच्या महिन्याला पगार मिळाला. २०११ च्या जनगणनेत या शहरात सतरा लाखांवर माणसं होती. त्यातल्या बहुतेकांच्या घरी हीच गोष्ट सांगतात. त्यांच्या लेखी हे शहर म्हणजे आसरा. तुमच्या पुस्तकात त्यांना एक शब्द आहे, तो 'लोंढा'.

मामा: अगं, तुझ्या बापाविषयी माझ्या मनात काही असतं तर बहीण दिली असती का? पण एक सांग. त्याला आसरा मिळाला तो कोणाच्या जमिनीवर? पेनिसिलीनचा कारखाना पिंपरीत आला १९५४ साली, देशातला पहिला. अभिमान आहे मला त्याचा. मग एमआयडीसी आली, बजाज आली, टेल्को आली. मी स्वतः त्यातल्याच एका कारखान्यात कमावलं, पोरं शिकवली. कारखाने नको होते असं मी कुठंच लिहिलेलं नाही. माझं म्हणणं एवढंच की आमच्या जमिनीची किंमत ज्यानं ठरवली, त्यानं कधी आमच्या विहिरीला हात लावला नव्हता. कायदा होता १८९४ चा, इंग्रजांचा. चौथ्या कलमाची नोटीस निघाली की जमीन गोठली. मग हरकती, मग जाहीरनामा, मग निवाडा. 'सार्वजनिक प्रयोजन' हे दोन शब्द लिहिले की संपलं. विकायची आहे का असं कोणी विचारलंच नाही.

भाची: ते प्रकरण उत्तमच उतरलंय. त्यातला एक शब्दही काढू नका.

मामा: आणि फसवणूक तिथं थांबली का? १९७२ ला नवनगर विकास प्राधिकरण झालं. पुढे ठरलं की १९८४ नंतर ज्यांची जमीन गेली त्यांना साडेबारा टक्के विकसित जमिनीचा परतावा द्यायचा. आणि १९७२ ते १९८३ च्या मधल्यांनी काय घोडं मारलं होतं? त्यांनीच तर सगळ्यांत आधी दिली! भोसरी, आकुर्डी, निगडीकडची माणसं परताव्यासाठी खेटे घालून म्हातारी झाली. २०२१ मध्ये प्राधिकरणच पीएमआरडीएत विलीन झालं. तिकडे खेड सेझमध्ये कनेरसर, निमगाव, दावडीच्या शेतकऱ्यांना पंधरा टक्के परताव्याचं सांगितलं, वर त्यासाठी मोबदल्यातूनच पैसे कापले. हे अन्याय नाहीत तर काय आहेत?

भाची: अन्यायच आहेत. आता मुळशीवर येऊ. तुमचं सगळ्यांत जोरदार प्रकरण ते.

मामा: आहेच! मुळशीचं पाणी दापोडीपर्यंत येतं, म्हणून मी ते आपल्या गावाच्या इतिहासात घेतलं. १६ एप्रिल १९२१, रामनवमी. मावळे टाटांच्या धरणाच्या कामाच्या जागेवर जाऊन बसले. धरणग्रस्तांचा असा सत्याग्रह जगात आधी कुठं झाला नव्हता. पन्नासाहून जास्त गावं जाणार होती. काम काही महिने थांबलं. गांधीजींनी 'यंग इंडिया'त लिहून टाटांना लोकांशी बोलायचं आवाहन केलं. विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव तुरुंगात गेले. बायासुद्धा गेल्या. बापटांना 'सेनापती' हे नाव तिथंच मिळालं. डिसेंबर १९२४ ला त्यांनी कामाची आगगाडी अडवली, हत्यार हातात घेऊन, आणि सात वर्षांची शिक्षा भोगली. तरी धरण झालं. मुळेचं पाणी वळवून सह्याद्रीवरून खाली भिऱ्याला सोडलं, तिथं वीज झाली, ती मुंबईच्या गिरण्यांना गेली. मावळ्यांच्या घरात दिवा लागला नाही.

भाची: आणि धरण का झालं? सत्याग्रह का हरला?

मामा: सरकार कंपनीच्या पाठीशी होतं म्हणून.

भाची: तुमच्या प्रकरणात एवढंच कारण आहे. राजेंद्र व्होरांनी मुळशी सत्याग्रहावर पुस्तक लिहिलं. पुणे विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवायचे. आधी मराठीत आलं, पुढे त्यांच्या पश्चात २००९ साली इंग्रजीत. त्यांनी सरकार आणि कंपनी यांना कुठंही सोडलेलं नाही. पण त्यांनी आणखी एक गोष्ट तपासली, जमिनी कोणाच्या नावावर होत्या. मावळातल्या कितीतरी जमिनी गहाण पडत पडत सावकारांच्या नावावर गेल्या होत्या, आणि त्यातले बरेच सावकार पुण्यात राहत होते. नांगर मावळ्याच्या हातात, कागद सावकाराच्या. मोबदल्याचे आकडे निघाले तेव्हा कागदवाल्यांना धरण वाईट वाटेना. रोख पैसा मिळत होता, कूळ-खंडाची कटकट मिटत होती. पुण्यातल्या पुढाऱ्यांमध्ये फूट पडली त्याच्या मुळाशी हेही होतं. ज्यांचं घर बुडणार होतं ते भांडत राहिले, आणि ज्यांचा फक्त कागद बुडणार होता ते पैसे मोजत राहिले.

मामा: व्होरांचं पुस्तक मी वाचलंय.

भाची: मग सावकार तुमच्या प्रकरणातून गळले कसे?

मामा: गळले नाहीत. जागा नव्हती. लोकांना वाचवत नाही इतकं गुंतागुंतीचं. सेनापती बापट समजतात. सावकाराचं गहाणखत कोणाला समजतं?

भाची: मामा, तुम्ही लेथवर जॉब करताना माप थोडं बाहेर गेलं तर 'लोकांना कळणार नाही' म्हणून पुढे पाठवत होतात का?

मामा: ते वेगळं. इन्स्पेक्शनवाला परत पाठवायचा.

भाची: इथं इन्स्पेक्शनला मी बसलेय. बरं, मुळशी लांबचं झालं. पवनेचं बघू. ९ ऑगस्ट २०११.

मामा: लिहिलंय मी. क्रांतिदिनी. बऊरजवळ एक्स्प्रेसवेवर मावळातले शेतकरी उतरले. पवना धरणातून थेट बंद जलवाहिनीनं पाणी न्यायला त्यांचा विरोध होता. पोलिसांनी गोळी चालवली, तीन जीव गेले, त्यात एक बाई. आपल्याच जिल्ह्यात, स्वराज्यात!

भाची: पाणी कोणासाठी न्यायचं होतं?

मामा: ...पिंपरी-चिंचवडसाठी.

भाची: म्हणजे कासारवाडीसाठीही. आज धरणातून पाणी नदीत सोडतात, रावेतच्या बंधाऱ्याशी उचलतात, निगडीला शुद्ध करतात आणि आपल्या नळाला येतं, दिवसाआड का होईना. वाहिनी झाली असती तर नदीकाठच्या शेतकऱ्याला वाटेत मिळणारं पाणी गेलं असतं अशी त्याला भीती. धरणाखाली ज्यांची शेतं गेली त्यातल्या शेकडो खातेदारांना पर्यायी जमीन अजून मिळायची आहे. धरणाच्या काठच्या कातकऱ्याच्या नावावर तर सातबाराच नव्हता, त्याचं काय बुडालं ते कोणत्या वहीत शोधायचं? तुम्ही प्रकरण असं लिहिलंय की मावळ आणि कासारवाडी एकाच बाजूला उभे आहेत. त्या दिवशी आपण दुसऱ्या बाजूला होतो मामा. आपण पाणी मागणाऱ्यांत होतो.

मामा: आम्ही कुठं मागितली वाहिनी? महापालिकेनं काढली योजना.

भाची: आणि दिवसाआड पाणी झालं तेव्हा हंडे घेऊन वॉर्ड ऑफिसवर कोण गेलं?

मामा: गेलो. मीही गेलो. म्हणून काय मावळावर गोळी घाला म्हणालो? तू दोन गोष्टी एका दावणीला बांधतेस. ज्याची जमीन गेली तो आणि ज्यानं नेली तो, यांच्यात तहानलेल्या माणसाला कुठं उभा करतेस?

भाची: तिथंच उभा करते, मधोमध. त्याची जागा तीच आहे. कासारवाडीची स्वतःची जमीन दुसऱ्याच्या 'सार्वजनिक प्रयोजना'त गेली, आणि पवनेच्या प्रकरणात ते 'सार्वजनिक प्रयोजन' आपण आहोत. एका गावाच्या वाट्याला दोन्ही भूमिका आल्यात. असा इतिहास सगळ्यांना लिहायला मिळत नाही, आणि तुम्ही त्यातली अर्धीच बाजू लिहिलीत.

मामा: हं. हे मांडता येईल. पण एवढ्यासाठी कल्याणहून आलीस का? काहीतरी अजून आहे.

भाची: आहे. परिशिष्ट दोन. आपल्या घरच्या जमिनीचा फेरफार तुम्ही जसाच्या तसा छापलाय. नाव आजोबांचं, पुढे 'ए.कु.मॅ.'.

मामा: एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. तशी पद्धतच होती तेव्हा.

भाची: माहीत आहे. त्या तीन अक्षरांत किती माणसं बसवली आहेत तेवढं सांगा.

मामा: आजोबा, त्यांचे दोन भाऊ, मी, तुझे दोघे मामा.

भाची: आणि माझी आई, मावशी?

मामा: पोरींची नावं तेव्हा कुठं लागायची?

भाची: हाच तर इतिहास आहे! आजोबा गेल्यावर वाढीव मोबदल्याचा निकाल लागला. कोर्टातून रक्कम उचलायची तर वारसांच्या सह्या हव्या. १९५६ च्या कायद्यानं बापाच्या हिश्शात मुलीलाही वाटा होता. जून १९९४ मध्ये महाराष्ट्रानं मुलींना जन्मानं वाटा दिला, पण तोवर लग्न झालेल्यांना वगळून. तेही २००५ ला केंद्राच्या कायद्यानं दुरुस्त केलं. आईनं सही केली ती या सगळ्याच्या मधल्या काळात. हक्कसोडपत्र. बदल्यात साडी-चोळी आणि 'माहेर तुटायला नको' हे वाक्य. तुमच्या पुस्तकात वाढीव मोबदल्याच्या लढ्याला एक अख्खं प्रकरण आहे. वकील कोण होता, तारखा किती पडल्या, न्यायाधीश काय म्हणाले, सगळं आहे. ते हक्कसोडपत्र नाही.

मामा: ते घरातलं आहे पोरी. पुस्तक गावाचं आहे.

भाची: गावातल्या प्रत्येक घरात ते आहे! मग ते 'घरातलं' कसं राहतं? आणि आईबद्दलच कशाला बोलू. मळ्याच्या खालचा तुकडा कोण कसत होता?

मामा: वाटेकरी होता एक. त्याची आई आणि तो. कुळकायदा आला, १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन यायच्या आधी सगळ्यांनी आपापल्या वाटेकऱ्याचं नाव कागदावर लागू दिलं नाही. लागलं असतं तर तो कूळ झाला असता, मालक झाला असता. तुझ्या आजोबांनी एकट्यानं केलं असं नाही.

भाची: मग जमीन गेली तेव्हा त्याला काय मिळालं?

मामा: काय मिळणार? नोटीस त्याच्या नावानं नव्हतीच. बाजरी उभी होती तेवढी कापून नेली त्यानं. पुढे कुठंतरी बांधकामावर लागला.

भाची: हे आत्ता तुम्ही मला जे सांगितलंत, ते पुस्तकात कुठं आहे?

मामा: नाहीये. आणि आता माझं ऐक. तू कॉलेजात शिकवतेस, तुला सत्य पाहिजे. मला परतावा पाहिजे. माझं पुस्तक कोर्टात कोणी दाखवणार नाही, पण मोर्चात हातात धरतील, निवेदनाला जोडतील. त्यात मी लिहिलं की गावानंच आपल्या बहिणींच्या सह्या घेतल्या, गावानंच वाटेकऱ्याचं नाव लागू दिलं नाही, तर समोरचा साहेब काय म्हणेल? 'तुमच्यातच बघा आधी.' झालं, फाईल बंद. आधी बाहेरची लढाई, मग घरातली.

भाची: 'मग' कधी? मुळशीला शंभर वर्षं झाली.

मामा: तू टोमणा मारतेस, पण मुद्दा टाळतेस. आमच्यातल्या अन्यायानं त्यांचा अन्याय लहान होतो का?

भाची: मुळीच नाही. हे तुम्ही पुस्तकात पहिल्या पानावर लिहा, ठळक अक्षरात. पण साहेबाचं तोंड कशानं बंद होईल ते बघा. तुम्ही म्हणता गाव उद्ध्वस्त झालं. साहेब म्हणतो, 'मोबदला दिला की, ही पावती.' तो खोटं बोलत नाही. पावती आहे, तिच्यावर 'ए.कु.मॅ.'ची सही आहे. त्याला उत्तर एकच, की सहा तोंडांच्या घराचे पैसे एका सहीवर दिलेत, कसणाऱ्याला विचारलंही नाहीत, बहिणींना नोटीस बजावली नाहीत, तेव्हा तुमचा निवाडाच अर्धवट होता. कसणाऱ्याचं आणि बहिणीचं नाव तुम्ही झाकलंत तर साहेबाची पावती पूर्ण ठरते. ती उघडी पाडायची तर आपलं कपाट उघडावंच लागतं.

मामा: वकिलासारखी बोलतेस.

भाची: हे कायद्यानंही मानलं. १८९४ चा कायदा गेला, २०१३ चा आला, १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. त्यात बाधित कुटुंब म्हणजे फक्त सातबारावालं नव्हे. कूळ, शेतमजूर, त्या जमिनीवर पोट असलेला कारागीर, तीन वर्षांपासून तिथं काम करत असला तर तोही. हे आपोआप सुचलं नाही कोणाला. देशभर धरणांच्या आंदोलनांत लोकांनी 'आमच्या नावावर काही नव्हतं, तरी आमचं सगळं गेलं' असं ओरडून सांगितलं, तेव्हा कुठं ते आलं. तुमच्या वाटेकऱ्याची गोष्ट आधी कोणी लिहिली असती तर?

मामा: बरं. आता मी तुला विचारतो. वाटेकऱ्याचा पुरावा काय? तुम्ही विद्यापीठवाले कागद मागता. माझ्या तिसऱ्या प्रकरणाच्या समासात तूच लाल पेननं लिहिलंयस, 'आधार? केवळ ऐकीव.' सहा ठिकाणी.

भाची: हो, लिहिलंय. राजवाड्यांनी गावोगाव फिरून दप्तरं गोळा केली, 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' बावीस खंडांत काढली, कारण कागदाशिवाय इतिहास म्हणजे गप्पा.

मामा: मग वाटेकऱ्याचा कागद दाखव! नाही सापडणार. सातबारावर नाही, निवाड्यात नाही, कोर्टात नाही. त्याचं नाव कागदावर येऊ नये म्हणून चार शहाणी माणसं रात्रभर बसली होती. तो होता याला आज साक्षीदार कोण? मी. लहान होतो, त्याच्या खांद्यावर बसून नदीवर जायचो. माझं 'ऐकीव' तू खोडलंस तर तुझ्या त्या बिचाऱ्याचं आणखी एकदा नाव कापलं जाईल, या वेळी विद्यापीठाच्या लाल पेननं.

भाची: ...हे मान्य करावं लागेल.

मामा: करच. कागद ज्याच्या हातात त्यानं लिहिला. तू सरकारी कागद वाचून सरकारवर अन्यायाचा खटला भरणार, आणि त्या कागदात जो नाही त्याच्यासाठी माझ्यासारख्या म्हाताऱ्याच्या आठवणी नाकारणार?

भाची: नाकारणार नाही. पण तुमची आठवण एकटी घेणार नाही. त्याच्या घरचं कोणी असेल तर त्यांचंही ऐकायचं. तुम्हाला खांद्यावर बसणं आठवतं, त्यांना दुसरं काही आठवत असेल. मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना घरोघर जाऊन गाठलं, 'आम्हीही इतिहास घडवला' १९८९ ला आलं. सभांच्या वृत्तांतात या बायका 'महिलांची उपस्थिती लक्षणीय होती' एवढ्याच होत्या. बोलायला बसल्या तेव्हा त्यांची नावं कळली, कोण अध्यक्ष होती, कोणी ठराव मांडला ते कळलं. म्हणजे आठवणही तपासता येते, एकीला दुसरी ताडून, जमेल तिथं कागदाशी भिडवून.

मामा: तो वाटेकरी गेला. मुलगा आहे. फुगेवाडीच्या बाजूला राहतो, रिक्षा चालवायचा. रस्त्यात भेटला तर बोलतो, पण हातचं राखून.

भाची: का ते त्यालाच विचारावं लागेल. आणि तो जे सांगेल ते तुम्हाला आवडलं नाही तरी छापावं लागेल.

मामा: आणि भावकी? त्या रात्री जे बसले होते त्यांची नातवंडं आज नगरसेवकाच्या मागे हिंडतात. प्रकाशनाचा हॉल तेच देणार आहेत.

भाची: हॉल नसला तर देवळात करू.

मामा: देऊळही त्यांचंच आहे. हसतेस काय? गावात राहायचंय मला. तू मेट्रो धरशील आणि जाशील. गावच्या इतिहासकाराला संध्याकाळी त्याच पारावर बसावं लागतं, हे तुमच्या पुस्तकात कुणी लिहीत नाही.

भाची: ते मला मान्य आहे, आणि मला त्याचं उत्तर येत नाही. मी एवढंच म्हणते, नावांचा वाद असेल तर रात्री बसलेल्यांची नावं घालू नका. तेव्हाची पद्धत म्हणून लिहा. पण ज्यांची नावं तेव्हा गाळली त्यांची घाला. मारणाऱ्याचं झाकलं तरी एक वेळ चालेल, मार खाल्लेल्याचं झाकू नका.

मामा: तडजोड चांगली काढलीस. इतकी तर आमच्या युनियनलाही जमायची नाही. बरं, लिहितो. परिशिष्ट दोनच्या जागी तक्ता करू. गट नंबर, क्षेत्र, नोटीस कोणाला, पैसे कोणाला, कसत कोण होतं, घरात बाया किती आणि त्यांच्या सह्या कशावर. जिथं कागद आहे तिथं कागद, नाही तिथं कोणी सांगितलं त्याचं नाव. पण मुळशी, बऊर, साडेबारा टक्के, यातली एक ओळ पातळ करणार नाही. आमच्या घरातलं लिहिलं म्हणून सरकारला एक पैसा सूट नाही.

भाची: सूट कोण मागतंय? आणि 'लोंढा'?

मामा: तो काढतो. तुझ्या बापाचं एक पान घालतो. ट्रंकेसकट.

भाची: आणि आईचं?

मामा: तिला आधी विचार, नाव छापलं तर चालेल का म्हणून. तुझ्या वडलांना नाही आवडलं तर?

भाची: मी नाही विचारणार. तुम्ही विचारा. हक्कसोडपत्रावर सही घ्यायला तुम्हीच आला होतात ना कल्याणला?

मामा: येतो रविवारी. पण सांगून ठेवतो, शीर्षक बदलणार नाही.

भाची: नकाच बदलू. फक्त 'एका गावावरील'च्या पुढे 'आणि गावातील' घाला.

मामा: कव्हरवर मावायचं नाही.

भाची: मग अक्षरं बारीक करा, मामा. शब्द नका काढू.